पाणबुडीची कसोटी आणि लोकांचा हिशेब

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दौंड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मी हा विषय सुचविला तेव्हा काही सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. आपण भीमा आणि घोड या नद्यांच्या काठची माणसे. समुद्र इथून दीडशे किलोमीटरांहून दूर. उसाची बिले, कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगारांचे प्रश्न, उन्हाळ्यातले टँकर, एवढे सारे समोर असताना पाणबुडीच्या यंत्राची चर्चा कशासाठी, असे एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलेही. प्रश्न रास्त आहे; म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देतो.

पहिले कारण पैशाचे. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने पाणबुड्यांसंबंधी सुमारे २,८६७ कोटी रुपयांचे दोन करार केले. त्यांपैकी सुमारे १,९९० कोटींचा करार मुंबईच्या माझगाव गोदीशी झाला असून तो एका नव्या प्रचालन यंत्रणेसाठी आहे. हा पैसा काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या माणसाचा आहे.

दुसरे कारण माणसांचे. ही यंत्रणा अंबरनाथच्या सरकारी प्रयोगशाळेत जन्मली. तिच्या उभारणीत सहभागी झालेल्या दोन कंपन्यांपैकी थरमॅक्स ही पुण्याची आणि लार्सन अँड टुब्रो मुंबईची. आपल्या दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने 'अरिहंत' या अणुशक्तीवरील पाणबुडीच्या वाफेच्या टर्बाइनची यंत्रसामग्री पुरविली. साखर कारखान्यांची यंत्रे घडविणारे हे गाव. ज्या हातांनी आपल्या उसाचा रस आटविणारी यंत्रे केली, त्याच हातांची करामत आज समुद्राच्या पोटात फिरते आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवे यंत्र खरे की खोटे हे कसे ठरवायचे, कोणी ठरवायचे आणि ठरविल्यावर ते कोणाला सांगायचे, हा लोकशाहीचा प्रश्न आहे. तो पाणबुडीच्या निमित्ताने फार स्पष्ट दिसतो, एवढेच.

आधी यंत्राची अडचण समजून घेऊ. साध्या पाणबुडीला दोन प्रकारची शक्ती लागते. पाण्यावर असताना ती डिझेल इंजिनावर चालते आणि त्याच इंजिनाने आपल्या प्रचंड बॅटऱ्या भरून घेते. बुडी मारल्यावर इंजिन बंद. कारण डिझेल जाळायला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. मग ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरत आली की पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढावी लागते, हवा ओढून इंजिन चालवावे लागते. नेमक्या त्याच वेळी ती शत्रूच्या रडारला आणि विमानांना सापडते. लपून राहणे हेच जिचे बळ, तिला श्वासासाठी वारंवार डोके वर काढावे लागते. बाहेरच्या हवेविना पाण्याखालीच वीज निर्माण करता आली तर? गेली ऐंशी-नव्वद वर्षे निरनिराळ्या देशांची आरमारे या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत.

या शोधाचा इतिहास बोधप्रद आहे. जर्मनीत हेल्मुट वाल्टर या अभियंत्याने हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी टर्बाइन बनविली. हे द्रव्य विघटित झाले की त्यातून वाफ आणि प्राणवायू दोन्ही मिळतात, मग बाहेरची हवा नको. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अशी एक बुडविलेली जर्मन पाणबुडी वर काढली, दुरुस्त केली आणि 'मीटिओराइट' या नावाने चालवून पाहिली. नंतर त्याच धर्तीवर 'एक्सप्लोरर' आणि 'एक्सकॅलिबर' या दोन प्रायोगिक पाणबुड्या १९५६ व १९५८ मध्ये आरमारात दाखल केल्या. त्या वेगवान होत्या. पण इंधन इतके बेभरवशाचे, की खलाशांनी 'एक्सप्लोरर'चे नाव बदलून 'एक्सप्लोडर', म्हणजे स्फोट करणारी, असे ठेवले होते. १९५५ मध्ये पोर्टलंड बंदरात 'सायडन' या पाणबुडीवर याच पेरॉक्साइडवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा स्फोट होऊन १३ माणसे दगावली. ब्रिटिशांनी तसले टॉर्पेडो सोडून दिले आणि पुढे पेरॉक्साइडची पाणबुडीही सोडून दिली. दोन जहाजे आणि अनेक वर्षे खर्ची घालून त्यांनी मिळविले ते एक 'नाही'. मी म्हणतो, ते 'नाही' मोलाचे होते. ज्यांनी तो धडा घेतला नाही त्यांची किंमत पुढे कळली. २००० साली रशियाची 'कुर्स्क' ही पाणबुडी ११८ माणसांसह बुडाली ती पेरॉक्साइडच्याच टॉर्पेडोच्या स्फोटाने.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. अणुशक्तीवरील पाणबुडीसाठी तिने दोन प्रकारच्या अणुभट्ट्या समांतर तपासल्या. पाण्याच्या दाबावर चालणारी भट्टी आधी आयडाहोच्या कोरड्या माळावर चालवून पाहिली आणि मग ती 'नॉटिलस'मध्ये बसली. १९५५ च्या जानेवारीत ती पाणबुडी अणुशक्तीवर निघाली. दुसरी, द्रवरूप सोडियमची भट्टी 'सीवुल्फ'मध्ये बसविली. तीत गळती व अडचणी आढळल्यावर ती काढून टाकून तिच्या जागी पहिल्या प्रकारची भट्टी बसविण्यात आली. भट्टी बदलणे म्हणजे चूक झाल्याची जाहीर कबुली. पण ती कबुली देण्यास त्यांना लाज वाटली नाही.

आता सोव्हिएट संघाचे उदाहरण. आपण समाजवादाचे नाव घेणारी माणसे असल्यामुळे ते आपण विशेष लक्ष देऊन ऐकले पाहिजे. तेथे द्रवरूप प्राणवायू वापरून डिझेल इंजिन पाण्याखाली चालविणाऱ्या लहान पाणबुड्यांची मालिका काढण्यात आली; एकदोन नव्हे, सुमारे ३०. आगी लागण्याच्या त्यांच्या स्वभावामुळे खलाशी त्यांना 'सिगारेट लायटर' म्हणत. १९५७ मध्ये टॅलिनजवळ त्यांपैकी एक जळून बुडाली आणि ३५ माणसे गेली. दोष ज्यांना रोज दिसत होता ते खलाशी टोपणनाव ठेवण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. राज्य कामगारांचे आहे असे म्हटल्याने कामगाराचे म्हणणे ऐकले जातेच असे नाही. ऐकण्याची व्यवस्था वेगळी उभारावी लागते.

जर्मनी आणि स्वीडन या देशांनी नंतर सावध मार्ग काढला. स्वीडनने 'नेकेन' ही आपली जुनी पाणबुडी मधोमध कापून तीत स्टर्लिंग इंजिनाचा एक नवा भाग जोडला आणि १९८८ पासून ती चालवून पाहिली. जर्मनीने 'यू-१' या जुन्या पाणबुडीवर १९८८-८९ मध्ये इंधनघटाची, ज्याला इंग्रजीत फ्यूएल सेल म्हणतात, चाचणी घेतली. इंधनघटात हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून सरळ वीज मिळते. ज्वाला नाही, धडधडणारे इंजिन नाही. चाचणीनंतर इंधनघटाची पहिली नवी जर्मन पाणबुडी आरमारात आली ती २००५ मध्ये. मध्ये पंधराएक वर्षे गेली. घाई नव्हती आणि कामात खंडही नव्हता.

आता आपल्या देशाकडे वळू. ११ डिसेंबर १९८१ रोजी भारताने जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू या गोदीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तेथे बांधायच्या, दोन माझगावला. आपले कामगार आणि अभियंते कीलला गेले. पाणबुडीच्या कवचाचे वेल्डिंग ही सोपी विद्या नव्हे. एक सांधा कच्चा राहिला तर शेकडो फूट पाण्याच्या दाबाखाली सारेच संपते. ती विद्या आपले लोक शिकून आले आणि माझगावला 'शल्की' १९९२ मध्ये व 'शंकुल' १९९४ मध्ये तयार झाली. दरम्यान १९८७ मध्ये या व्यवहारातील दलालीचा आरोप बाहेर आला, विश्वनाथ प्रताप सिंग यांनी चौकशीचा आदेश दिला आणि संरक्षणमंत्रिपद सोडले. चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु पुढे काय झाले ते पाहा. तपास वर्षानुवर्षे रेंगाळला, कोणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. आणि आणखी पाणबुड्या बांधण्याचा बेत मात्र बारगळला. १९९४ नंतर माझगावच्या त्या विभागाला नवी पाणबुडी मिळाली ती २००५ च्या फ्रेंच करारानंतर. मधल्या दशकात शिकलेले वेल्डर आणि जोडारी दुसऱ्या कामाला लागले, निवृत्त झाले. हाताला आलेली विद्या कागदावर उतरवून कपाटात ठेवता येत नाही. दलालांचे काही बिघडले नाही. शिक्षा झाली ती कामगाराच्या कौशल्याला.

दुसरी हकीकत अणुपाणबुडीची. भाभा अणुसंशोधन केंद्रात सत्तरच्या दशकापासून पाणबुडीसाठी अणुभट्टीचे आराखडे चालू होते. ते आराखडे सदोष आहेत, असे मत आरमाराचे एक अभियंता अधिकारी कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांनी मांडले होते, असे ते स्वतः सांगत. १९८७ मध्ये ते निवृत्त झाले. १९८८ मध्ये परदेशी निघाले असता मुंबईच्या विमानतळावर त्यांना गुप्त कागदपत्रे नेल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्या कागदपत्रांत मुंबईच्या आयआयटीने ज्यावर त्यांना डॉक्टरेट दिली तो त्यांचा स्वतःचा प्रबंधही होता. सुमारे वीस महिने ते तुरुंगात राहिले आणि अखेर न्यायालयांनी त्यांना आरोपमुक्त केले. त्यांची तांत्रिक मते किती बरोबर होती याचा निवाडा मी करीत नाही. तो अभियंत्यांनी करावा. माझा मुद्दा इतकाच आहे, की प्रतिकूल मत देणाऱ्या परीक्षकाची ही गत झाली, तर दुसरा परीक्षक तोंड उघडताना दहा वेळा विचार करील. आणि परीक्षक गप्प बसला, तर परीक्षेचा उपयोग काय?

पुढे याच प्रकल्पाने शहाणपणाचा मार्ग धरला हेही सांगितले पाहिजे. कल्पाक्कम येथे जमिनीवर पाणबुडीच्या भट्टीचा संपूर्ण नमुना उभारून २००६ पासून तो चालविण्यात आला, खलाशांना त्यावर शिक्षण देण्यात आले. 'अरिहंत' २००९ मध्ये पाण्यात उतरली आणि तिची भट्टी २०१३ मध्ये चालू झाली. आधी जमिनीवर, मग पाण्यात, हा क्रम आपल्यालाही जमला.

तोच क्रम अंबरनाथच्या इंधनघटाने घेतला आहे. तेथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फरिक आम्लाचा इंधनघट निवडला. जर्मन पाणबुडी हायड्रोजन साठवून नेते. अंबरनाथच्या यंत्रणेत तो पाणबुडीतच, लागेल तसा, रासायनिक क्रियेने तयार होतो. ज्वालाग्राही वायूचा साठा बाळगावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेचा जमिनीवरील नमुना दीर्घकाळ चालविण्याच्या आणि पूर्ण शक्तीने चालविण्याच्या अशा दोन्ही कसोट्यांना उतरला, असे सरकारने जाहीर केले. आता ती पाणबुडीत बसविण्यासाठीचा भाग माझगाव गोदीत तयार व्हायचा आहे. तो फ्रेंच बनावटीच्या 'कलवरी' वर्गातील पाणबुडीचे कवच कापून मध्ये जोडायचा आहे. या वर्गातील सहा पाणबुड्यांपैकी शेवटच्या दोहोंवर ही यंत्रणा बसविण्याचा मूळ विचार होता. तो वेळेत साधला नाही. सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली, तीही या यंत्रणेविना.

इथे खरा पेच सुरू होतो. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये जी निविदा निघाली, तिच्यात अशी यंत्रणा 'समुद्रावर सिद्ध झालेली' असावी अशी अट आहे. फ्रेंच कंपनीने ही अट आपल्याला पुरी करता येत नाही असे सांगून २०२२ मध्ये अंग काढून घेतले. २०२४ मध्ये आपले नौदल अधिकारी चाचण्या पाहण्यासाठी जर्मनीत कीलला आणि स्पेनमध्ये कार्तागेनाला जाऊन आले. स्पेनची यंत्रणा जमिनीवर चालत होती, पाणबुडीत नव्हती. २०२५ च्या आरंभी त्या देशाच्या साहाय्याने आलेली निविदा बाद झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मन सहकार्याच्या निविदेवर वाटाघाटी सुरू झाल्या. म्हणजे १९८१ मध्ये ज्या कीलच्या दारात आपण विद्या शिकायला गेलो, त्याच दारात चार दशकांनी पुन्हा उभे आहोत.

नौदलाची अट चुकीची आहे काय? मी तसे म्हणणार नाही. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी 'सिंधुरत्न' पाणबुडीत केबलींना आग लागून धूर कोंडला आणि दोन तरुण अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. ज्याला खोल पाण्यात बंद कवचात माणसे पाठवायची आहेत, तो सिद्ध न झालेले यंत्र नको म्हणणारच. आपण गळीत हंगामापूर्वी बॉयलर पेटवितो तेव्हा पूजा करतो. परंतु पूजेच्या आधी निरीक्षकाने पाण्याच्या दाबाची चाचणी घेतलेली असते. ती टाळून पेटविलेल्या बॉयलरपाशी पाळी करायला तुमच्यापैकी कोणी उभा राहणार नाही. खलाशी हाही पाळीवरचा कामगारच आहे.

परंतु या अटीची दुसरी बाजू आहे. जो देश फक्त इतरांनी समुद्रावर सिद्ध केलेलेच घेतो, त्याचे स्वतःचे कधीच सिद्ध होत नाही. जर्मन इंधनघट तरी आरंभी कोठे सिद्ध होता? त्यांनी एक जुनी पाणबुडी त्यासाठी मोकळी केली. आपण १९९९ मध्ये तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली आणि पंचवीस वर्षांत सहा मिळाल्या. या तुटवड्यात प्रयोगाला एक पाणबुडी देणे कोणाच्या जिवावर येते, हे मला समजते. पण ज्या घरात बियाणेच खाऊन टाकतात, त्या घराला दरवर्षी दुकानदाराच्या दारात जावे लागते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

यावर काही मित्र म्हणतील की मुळात शस्त्रांवर एवढा खर्चच नको. त्या मताचा मला आदर आहे. शेजाऱ्यांशी सलोखा झाला, शस्त्रस्पर्धा थांबली, तर आपल्यासारखा आनंद कोणाला होईल? पण तो दिवस येईपर्यंत जो खर्च होतो आहे तो आंधळेपणाने होऊ नये, ही मागणी शांततावादी आणि संरक्षणवादी दोघांनाही एकत्र करता येईल. किंबहुना गुप्ततेच्या पडद्याआड होणारा खर्च कमी करा असे म्हणण्याआधी तो पडदा थोडा तरी बाजूला करावा लागतो.

म्हणून आपल्या मागण्या मर्यादित आणि नेमक्या असाव्यात, असे मी सुचवितो. अंबरनाथची यंत्रणा ठरल्याप्रमाणे पाणबुडीत बसवून समुद्रावर तिची कसोटी घ्यावी आणि परदेशी कराराच्या गडबडीत ती मागे पडू देऊ नये. कसोटीचा निकाल, यश आणि अपयश दोन्ही, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावा. खोली, वेग, आवाज असले गुप्त आकडे वगळून त्याचा सारांश लोकांना द्यावा. उतरली नाही तर तसे सांगावे. कारणासह दिलेला नकार लोक समजून घेतात. मौन समजून घेत नाहीत. प्रतिकूल मत नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला, तंत्रज्ञाला, कामगाराला संरक्षण असावे. आणि माझगावच्या गोदीतील पाणबुडीचे काम पुन्हा दहा वर्षे बंद पडू नये, कारण बंद पडते ते यंत्र पुन्हा चालू करता येते, विखुरलेले हात पुन्हा जुळविता येत नाहीत.

शेवटी पुन्हा आपल्या तालुक्यांकडे येतो. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात नवी भट्टी बसते, रांजणगावला नवी यंत्रे येतात, साखर कारखान्यात बॉयलर बदलतो. त्यांची चाचणी झाली काय, अहवालात काय लिहिले आहे, हे तेथे पाळी करणाऱ्या कामगाराला कोणी दाखविते काय? तो अहवाल मागण्याची सवय आपण आपल्या गावात लावून घेतली, तर उद्या दिल्लीत पाणबुडीचा अहवाल मागताना आपला आवाज पोकळ वाटणार नाही. सकाळी ज्या तरुण मित्राने मला प्रश्न विचारला, त्याला माझे उत्तर एवढेच आहे. तो कुरकुंभच्या कारखान्यात कामाला आहे असे मला कळले. पुढच्या बैठकीला येताना त्याने आपल्या विभागातील यंत्राच्या शेवटच्या चाचणीची तारीख विचारून यावी. तिथून आपण पुन्हा बोलायला सुरुवात करू.